क्लासिक सोडायचे की धरून राहायचे: एका ईएचएस सल्लागाराच्या निवडीचे प्रकरण

पुण्यातल्या एका आयटी सेवा कंपनीत सॅप या जर्मन कंपनीच्या व्यवसाय सॉफ्टवेअरमधल्या पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षा या भागावर काम करणाऱ्या एका महिला सल्लागारापुढे एकाच आठवड्यात दोन प्रस्ताव आले. या भागाला आमच्या व्यवसायात सगळे नुसते ईएचएस म्हणतात. पहिला प्रस्ताव युरोपातल्या एका रंग आणि विशेष रसायने बनवणाऱ्या ग्राहकाचा होता. तिथे ईसीसी ही सॅपची जुनी प्रणाली, तीवर ईएचएसची जुनी शाखा ‘ईएचएस क्लासिक’, आणि काम मुख्यतः उत्पादन सुरक्षेचे. पुढे कधीतरी एस/४ हाना या सॅपच्या नव्या प्रणालीवर स्थलांतर करायचे ठरलेले, पण तारीख नक्की नाही. भूमिका मात्र प्रमुखाची. दुसरा प्रस्ताव अनेक कारखाने असलेल्या एका अमेरिकी उत्पादकाचा. तिथे सगळे कोरे: एस/४ हानावर अपघात व्यवस्थापन आणि कार्यस्थळ सुरक्षा बसवायची. भूमिका दुय्यम, कारण या नव्या शाखेत तिचा हात बसलेला नव्हता. पगारात फरक नव्हता. उत्तर द्यायला दोन आठवडे होते.

ती पूर्वी माझ्या गटात होती, म्हणून विचारायला आली. ओळख पटू नये यासाठी नावे आणि काही तपशील इथे गाळले आहेत. तिचा प्रश्न सरळ होता: “क्लासिकमध्ये राहिले तर २०२७ नंतर मला कोण विचारणार?”

हा प्रश्न आज हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसलेल्या अनेकांच्या मनात आहे, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे. २०२७ हे साल तिने हवेतून काढले नव्हते. सॅपने एस/४ हाना फेब्रुवारी २०१५ मध्ये बाजारात आणले. जुन्या ईसीसीची नियमित देखभाल आधी २०२५ पर्यंतच राहणार होती. फेब्रुवारी २०२० मध्ये कंपनीने ती २०२७ च्या अखेरीपर्यंत वाढवली आणि जादा शुल्क भरणाऱ्यांसाठी २०३० च्या अखेरीपर्यंतची सोय ठेवली. म्हणजे क्लासिक ज्या घरात राहते त्या घराची मुदत जाहीर झालेली आहे. त्यामुळे “नवे शिका, जुने सोडा” हा सल्ला सगळीकडे सहज मिळतो. तिलाही तो मिळाला होता, आणि देणारे तिचे हितचिंतकच होते.

मला हा सल्ला अपुरा वाटतो. ‘जुने’ म्हणून ज्याला एका झटक्यात बाजूला सारले जाते, त्याच्या आत वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी आहेत. काही खरोखर संपल्या आहेत. काही नव्या प्रणालीच्या पायात तशाच आहेत. तिच्या हातात यातले काय आहे हे पाहिल्याशिवाय कुठलाच सल्ला देता येत नव्हता.

क्लासिकची मांडणी १९९० च्या दशकातली, ईसीसीच्या आधीच्या आर/३ प्रणालीच्या काळातली. तिच्या घडणीत टेक्नीडाटा या जर्मन कंपनीचा मोठा वाटा होता, आणि २०१० मध्ये सॅपने ती कंपनीच विकत घेतली. क्लासिकमध्ये उत्पादन सुरक्षा, धोकादायक मालाची वाहतूक, औद्योगिक स्वच्छता आणि सुरक्षा, व्यावसायिक आरोग्य आणि कचरा व्यवस्थापन असे भाग आहेत. या सगळ्यांच्या मध्यभागी स्पेसिफिकेशन डेटाबेस आहे. सीजी०२ हा व्यवहार, म्हणजे सॅपमधला कामाचा पडदा, उघडला की दिसते ते हेच. एखादे द्रव्य, त्याची ओळख, म्हणजे सीएएस क्रमांक आणि व्यापारी नाव, त्याचे घटक, ज्वलनबिंदू, विषारीपणा, वर्गीकरण, आणि या प्रत्येक माहितीला ती कोणत्या देशासाठी आणि कोणत्या वापरासाठी लागू आहे याचे लेबल. वाक्ये वेगळ्या साठ्यात असतात, सांकेतिक क्रमांकासह, अनेक भाषांत. डब्ल्यूडब्ल्यूआय नावाची यंत्रणा मायक्रोसॉफ्ट वर्डच्या साच्यात ही माहिती आणि वाक्ये ओतते आणि सोळा विभागांचे एसडीएस, म्हणजे रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, तयार करते. एकदा माहिती नीट भरली की तेच पत्रक जर्मन, पोलिश किंवा पोर्तुगीज भाषेत निघते. विक्री विभागाने डिलिव्हरी केली की ते ग्राहकाकडे आपोआप जाते.

हे वाचताना साधे वाटते. प्रत्यक्षात सीजी०२ चा पडदा पहिल्यांदा पाहणारा माणूस गांगरतो. गुणधर्मांचे झाड उघडत जाते आणि संपतच नाही. डब्ल्यूडब्ल्यूआयचा साचा बांधणे हे तर इतके किचकट काम आहे की ते नीट येणारी माणसे नेहमीच कमी राहिली. तिला ते येत होते. साच्यातले चिन्ह कुठल्या गुणधर्माला जोडले आहे, गट कुठे तुटतो, एका देशात रिकामे मथळे का छापले जातात, हे ती साचा पाहून सांगू शकत असे.

नवी शाखा, जिला आम्ही ईएचएसएम म्हणत आलो, वेगळ्या गरजेतून आली. क्लासिकचा गाभा द्रव्य हा होता, तर ईएचएसएमचा गाभा घटना आणि जागा हा झाला. कामगार जखमी झाला, गळती झाली, थोडक्यात वाचला, कुणाला धोकादायक स्थिती दिसली, तर कारखान्यातल्या कुणीही, सॅपचे प्रशिक्षण न घेता, ते नोंदवावे. मग चौकशी, मूळ कारण, उपाययोजना आणि त्यांचा पाठपुरावा व्हावा. क्लासिकमध्येही सीबीआयएच८२ मध्ये अपघाताची नोंद होती, पण ती वापरायला जाणकार लागत असे, आणि अपघात पाहणारा फिटर तो जाणकार नसतो. म्हणून नवी शाखा ब्राउझरमध्ये चालणाऱ्या पडद्यांवर बांधली गेली. खाली बीओपीएफ ही चौकट, नियमांसाठी बीआरएफप्लस, छापील नमुन्यांसाठी ॲडोबी फॉर्म, कामाच्या फेऱ्यांसाठी वर्कफ्लो, आणि आता वरती फिओरी हे सॅपचे नवे पडदे. सीजी०२ मध्ये वाढलेल्या माणसाला यातला एकही शब्द घरचा नाही.

आता निर्णायक गोष्ट. क्लासिकचा औद्योगिक स्वच्छता आणि सुरक्षा हा भाग एस/४ हानामध्ये येत नाही. त्याची जागा नव्या कार्यस्थळ सुरक्षेने घेतली. जुने कार्यक्षेत्र, जुनी अपघात नोंद, तिथले जोखीम मूल्यांकन, हे ज्ञान खरोखर मुदतीचे आहे. पण उत्पादन सुरक्षेचे तसे नाही. स्पेसिफिकेशन डेटाबेस एस/४ मध्ये आला. वाक्यांचा साठा आला. डब्ल्यूडब्ल्यूआयही आले. वरचे पडदे बदलत आहेत, उत्पादन अनुपालनाची नवी बांधणी फिओरीवर होत आहे आणि धोकादायक मालाचे वर्गीकरणही तिकडे सरकते आहे. तरी एखादे द्रव्य कशाचे बनले आहे आणि कायद्याच्या नजरेत ते काय आहे, हे जिथे लिहिले जाते ती जागा टिकली.

तिच्याच गटात एक सहकारी होता. त्याचेही काम ‘क्लासिक’च. पण त्याची सगळी वर्षे औद्योगिक स्वच्छतेत गेली होती: कार्यक्षेत्रे, संपर्क मर्यादा, जोखीम मूल्यांकन. त्याने हाच प्रश्न विचारला असता तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले असते, दुय्यम तर दुय्यम, अमेरिकी प्रकल्प घे. दोघांच्या बायोडेटावर एकच शब्द, आणि दोघांसाठी उत्तर उलटे. बाजारातल्या बहुतेक सल्ल्यांमध्ये हा फरक हरवलेला असतो.

मग आम्ही तिच्या मागच्या काही वर्षांच्या कामाकडे पाहिले. पदाचे नाव बाजूला ठेवून, प्रत्यक्ष दिवस कशात गेला ते.

युरोपात एसडीएसचा नमुना रीच या रसायनविषयक कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाने ठरतो. हे परिशिष्ट २०२०/८७८ या नियमाने बदलले. नवा नमुना १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला आणि जुनी पत्रके चालवून घेण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. नॅनो स्वरूप, अंतःस्रावी विघटक गुणधर्म, नवव्या विभागाची नवी रचना असे बरेच काही होते. तिच्या ग्राहकाकडे प्रत्येक उत्पादनाचे पत्रक प्रत्येक भाषेत नव्याने काढायचे होते. शिवाय रीचच्या ३१ व्या कलमाप्रमाणे, नव्या जोखमीची माहिती आल्यासारख्या ठरावीक कारणांनी पत्रक सुधारले तर मागच्या बारा महिन्यांत ज्यांना तो माल पुरवला त्या सर्वांना नवे पत्रक पाठवावे लागते. ही दुरुस्ती त्या कारणांत बसते का, कुठल्या उत्पादनासाठी बसते आणि कुठल्या नाही, हे ठरवण्यात ग्राहकाच्या कायदा विभागाबरोबर तिचे दिवसच्या दिवस गेले. त्यात सॉफ्टवेअर फारसे नव्हते.

ते आवरते न आवरते तोच २०२३/७०७ हा नियम आला. वर्गीकरणाच्या सीएलपी नियमात नवे धोका वर्ग: मानवी आरोग्य आणि पर्यावरणासाठी अंतःस्रावी विघटक, टिकून राहणारे आणि साचत जाणारे पदार्थ, टिकून राहून पाण्यात पसरणारे पदार्थ. बाजारात नव्याने येणाऱ्या द्रव्यांसाठी १ मे २०२५ पासून आणि नव्या मिश्रणांसाठी १ मे २०२६ पासून ते बंधनकारक. म्हणजे नवे गुणधर्म, नवी वाक्ये, वर्गीकरण काढणाऱ्या एक्स्पर्ट नियमांत भर, साच्यात बदल. प्रणाली जुनी असो की नवी, कायदा तिच्यासाठी थांबत नाही. देखभालीची मुदत संपत आलेल्या ईसीसीवरही हे सगळे करावेच लागते, आणि ते करणाऱ्याला त्या झाडाची प्रत्येक फांदी माहीत असावी लागते.

या कामातले किती सॉफ्टवेअरचे आणि किती विषयाचे, असे तिला विचारले. ती म्हणाली, “पडदे मला झोपेतही येतात. वेळ जातो तो दुसऱ्या गोष्टीत. हे मिश्रण खरंच या वर्गात बसतं का, आणि नसेल तर आधीच्या माणसानं तिथं का लिहिलंय, हे शोधण्यात.”

तिचे शिक्षण रासायनिक अभियांत्रिकीचे. पहिली नोकरी लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, सुरक्षा विभागात. त्या नोकरीचा तिच्या बायोडेटात एका ओळीचा उल्लेख होता आणि मला ते खटकले. कारखाने अधिनियम १९४८ च्या ८८ व्या कलमाखाली, ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकत नाही त्याची सूचना द्यावी लागे. असे अहवाल तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. १९८९ च्या धोकादायक रसायन नियमांप्रमाणे ठेवायची माहितीपत्रके कपाटातल्या फायलीतून काढून ड्रमशी ताडून पाहिली होती. ज्याने भोपाळनंतर आलेले हे नियम शॉपफ्लोअरवर राबवले आहेत आणि जो आता युरोपच्या नियमांची पत्रके बनवतो, असा माणूस कुठल्याही प्रणालीला हवा असतो. २३ मे २०२४ ला डोंबिवली औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला, माणसे गेली. अशा प्रसंगी आत नेमके काय साठवले होते, पाणी मारायचे की नाही, किती दूर उभे राहायचे, ही माहिती अग्निशमन दलाच्या हातात वेळेवर असणे किंवा नसणे यावर जीव अवलंबून असतात. आम्ही जे सॉफ्टवेअर बसवतो त्याचे शेवटचे वाचक ते जवान असतात. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण कौशल्याची चर्चा बहुतेक वेळा फक्त दरावर येऊन थांबते.

हीच कारखान्यातली वर्षे दुसऱ्या प्रस्तावाच्या बाजूने बोलत होती, आणि तो प्रस्ताव मला कमी लेखायचा नाही. अमेरिकेत कोणती दुखापत नोंदवहीत घ्यायची हे ओशा या तिथल्या कामगार सुरक्षा संस्थेचे नियम बारकाईने सांगतात. जखमेला टाके पडले तर तो वैद्यकीय उपचार, म्हणून नोंद करायची. चिकटपट्टीने जखम जुळवली तर ते प्रथमोपचार. धनुर्वाताचे इंजेक्शनही प्रथमोपचारातच. मृत्यू झाला तर आठ तासांत कळवायचे; रुग्णालयात दाखल करावे लागले, अवयव तुटला किंवा डोळा गेला तर चोवीस तासांत. हे नियम प्रणालीत बसवणाऱ्याने कधी तरी जखमी माणसाशेजारी उभे राहून कागद भरलेला असेल, तर पडद्यावर कोणता प्रश्न आधी विचारायचा हे त्याला समजते. रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाला बावीस रकाने दाखवले तर तो नोंदच करणार नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पण मला एक काळजी होती, ती तिच्यापुढे ठेवली. अपघात व्यवस्थापन हा भाग सॅपच्या बाकीच्या व्यवहारांशी सैल बांधलेला आहे. कर्मचाऱ्यांची माहिती आणि यंत्रांची यादी लागते, पण ती बाहेरूनही घेता येते. म्हणून या क्षेत्रात स्पर्धा दाट आहे: एनाब्लॉन, जी २०१६ पासून वोल्टर्स क्लुवरकडे आहे, इंटेलेक्स, कोरिटी, स्फेरा, वेलोसिटीईएचएस. ग्राहक उद्या क्लाउडवरचे दुसरे उत्पादन घेऊ शकतो आणि मग बीओपीएफचे ज्ञान तिथे उपयोगाचे राहत नाही. उलट एसडीएस आणि धोकादायक मालाची तपासणी विक्री, डिलिव्हरी आणि वाहतुकीच्या कागदपत्रांत खोल रुतलेली आहे. माल फाटकाबाहेर पडण्याच्या क्षणी ती तपासणी चालते. ती दुसरीकडे न्यायची तर खूप काही उपटावे लागते. त्यामुळे ‘नवे’ ते अधिक टिकाऊ हे गृहीतकच इथे डळमळते. हे माझे मत आहे आणि अपघात व्यवस्थापनात काम करणारे काही मित्र ते मान्य करत नाहीत. त्यांच्या मते कारखाने अनेक आहेत, रसायने बनवणाऱ्या कंपन्या थोड्या, म्हणून मागणी तिकडेच जास्त राहील. ग्राहकांच्या संख्येपुरते ते बरोबर आहे. पण काम करणाऱ्यांची संख्याही तिकडे त्याच प्रमाणात वाढते आहे.

पहिल्या प्रस्तावात धोका होता, आणि तो मोठा होता. जुन्या प्रणालीच्या देखभालीत माणूस हळूहळू तिकिटे सोडवणारा होतो. अमुक पत्रक निघत नाही, तमुक वाक्य चुकीच्या भाषेत येते. रोज काहीतरी सुटते, वर्ष सरते, आणि हातात नवे काही नसते. ग्राहक स्थलांतर पुढे ढकलत राहिला तर २०३० जवळ येते आणि एके दिवशी स्थलांतराचे काम दुसऱ्याच कंपनीला जाते, कारण त्यांच्याकडे ‘एस/४ चा अनुभव’ असतो. असे होताना मी पाहिले आहे. जुने जाणणाऱ्याला ज्ञान हस्तांतराच्या बैठकांना बसवले जाते, त्याच्याकडून सगळे काढून घेतले जाते, आणि नव्या गटात त्याला जागा नसते.

म्हणून पहिला प्रस्ताव घ्यायचा असेल तर अटींवर, असे आमचे ठरले. अटी तिने स्वतः लिहिल्या. स्थलांतराचा आराखडा सुरू होईल त्या दिवसापासून ती त्या गटात हवी. स्पेसिफिकेशन डेटाची सफाई स्थलांतरानंतर न ठेवता आधी, ईसीसीमध्येच सुरू करायची आणि तिची जबाबदारी तिच्याकडे असावी. उत्पादन अनुपालनाची नवी बांधणी शिकण्यासाठी कंपनीने एस/४ ची सराव प्रणाली द्यावी आणि आठवड्यातला ठरावीक वेळ त्याला मोकळा ठेवावा. साध्या देखभालीसाठी तिच्या हाताखाली एक नवी व्यक्ती द्यावी. आणि ठरलेल्या तारखेपर्यंत ग्राहकाने स्थलांतराचा खर्च मंजूर केला नाही, तर तिला प्रकल्पातून मोकळे करावे.

कंपनीने सराव प्रणाली आणि हाताखालचा माणूस दिला. डेटा सफाईची जबाबदारीही दिली, कारण ती कुणालाच नको होती. मोकळ्या वेळेची अट लेखी मान्य झाली नाही. “जमेल तसे” असे तोंडी उत्तर मिळाले. शेवटच्या अटीवर बरीच ओढाताण झाली. तारीख सहा महिने पुढे गेली, पण लेखी आली. तिने पहिला प्रस्ताव घेतला. अमेरिकी प्रकल्पावर तिच्या गटातला तो औद्योगिक स्वच्छतेचा सहकारी गेला.

स्थलांतराची मंजुरी मुदतीच्या आत आली. त्यानंतरच्या चाचणीत जे घडले त्यावरून या निवडीचा अर्थ सगळ्यात स्पष्ट होतो, म्हणून ते थोडे सविस्तर सांगतो.

नव्या गटातल्या एका हुशार सल्लागाराने डेटा तपासताना एका रंगाच्या दोन नोंदी शोधल्या. घटक सारखे, ज्वलनबिंदू सारखा, २३ अंश सेल्सिअसच्या खाली. दोन्ही यूएन १२६३ (वाहतुकीतला रंगांचा क्रमांक), वर्ग ३, ज्वलनशील द्रव. पण एकीत पॅकिंग गट २ आणि दुसरीत पॅकिंग गट ३; गटाचा आकडा जितका लहान तितका धोका जास्त. वाहतुकीच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे २३ अंशांखाली ज्वलनबिंदू असला आणि उत्कलन ३५ अंशांच्या वर सुरू होत असले तर गट २. म्हणून त्याने दुसरी नोंद चूक ठरवली आणि दोन्ही एकत्र करण्याचा प्रस्ताव यादीत टाकला. यादीत अशा जोड्या आणखीही होत्या. सफाईच्या दृष्टीने ते आकर्षक होते: नोंदी कमी, स्थलांतर हलके.

तिने ती यादी थांबवली. युरोपातल्या रस्ते वाहतुकीच्या एडीआर करारात घट्ट, चिकट ज्वलनशील द्रवांसाठी एक सवलत आहे. ठरावीक घट्टपणा असेल, द्रावक वेगळे होण्याच्या चाचणीत वर आलेला स्वच्छ थर तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल, द्रव विषारी किंवा क्षरणकारी वर्गात बसत नसेल, आणि ते ४५० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या भांड्यात भरले असेल, तर ज्वलनबिंदू कमी असूनही त्याला गट ३ देता येतो. म्हणजे तोच रंग डब्यात किंवा ड्रममध्ये गेला तर गट ३ आणि टँकरमध्ये गेला तर गट २. दोन्ही नोंदी बरोबर होत्या. एक सुट्या मालाची, एक बंद भांड्यातल्या मालाची. हे कुठेही टिपणात लिहिलेले नव्हते. अनेक वर्षांपूर्वी त्या नोंदी करणारा जर्मन तज्ज्ञ निवृत्त झाला होता. नोंदींच्या वापराच्या लेबलावरून आणि घट्टपणाच्या गुणधर्मावरून तिला ते उमगले, कारण असेच कोडे तिने पूर्वी एकदा सोडवले होते.

नोंदी एकत्र झाल्या असत्या तर काय झाले असते? गट २ ठेवला असता तर डब्यातला माल विनाकारण कडक नियमांखाली गेला असता आणि खर्च वाढला असता. गट ३ ठेवला असता तर टँकरच्या कागदपत्रांवर धोका कमी दाखवला गेला असता, आणि रस्त्यात काही झाले असते तर तो कागद वाचणारे चुकले असते.

चूक करणारा सल्लागार नेहमीच्या अर्थाने नवखा नव्हता. फिओरी, नव्या अनुपालनाच्या अटी, बीआरएफप्लस यांत तो तिच्यापेक्षा कितीतरी पुढे होता, आणि पुढचे काही महिने ती त्याच्याकडूनच ते शिकली. त्यानेही एडीआरचा दुसरा भाग मुळापासून वाचायला घेतला. स्थलांतराची नवी यादी दोघांनी मिळून केली. त्यात प्रत्येक ‘दुहेरी’ नोंदीपुढे ती दुहेरी का आहे हा रकाना आला. घटकांची बेरीज शंभर टक्के होत नाही अशी मिश्रणे, कोणत्याही साच्यात न वापरलेली वाक्ये, रद्द झालेल्या राष्ट्रीय याद्यांचे संदर्भ, हे सगळे ईसीसीमध्येच निवळले.

मोकळ्या वेळेची तोंडी अट अपेक्षेप्रमाणे पाळली गेली नाही. सराव प्रणालीवरचे बरेच काम तिला शनिवारी करावे लागले. मुले लहान असलेल्या कुणाला हे जमले नसते, आणि कंपन्यांनी जुने जाणणाऱ्या माणसांकडून ही किंमत वसूल करावी हे मला अन्यायाचे वाटते. स्थलांतराचा सगळ्यात मोठा धोका ज्यांच्या ज्ञानामुळे टळतो, त्यांचे प्रशिक्षण प्रकल्पाच्या खर्चातच धरले पाहिजे. पुढच्या करारात तिने ती अट लेखी मागितली आणि या वेळी ती मिळाली.

डब्ल्यूडब्ल्यूआयच्या साच्यांबाबत तिचा हिशेब आता वेगळा आहे. ते काम चालू आहे, पैसेही बरे देते, पण त्यात ती आणखी खोल जात नाही. हाताखालच्या मुलीला शिकवून मोकळी होते आहे. वर्गीकरणाचे नियम, धोकादायक मालाची तपासणी आणि नव्या अनुपालनाची बांधणी यांत ती वेळ घालते. २०३० नंतर ईसीसी कुणाकडे उरली तरी तिच्या कामाचा पाया तिथे नसेल.

अमेरिकी प्रकल्पावर गेलेला सहकारी तिथे स्थिरावला. पहिले काही महिने त्याला जड गेले, मग अपघात नोंदणीचे नमुने त्याच्या हाती आले. आता त्या ग्राहकाला कार्यस्थळ सुरक्षेत रसायनांच्या संपर्काचे मूल्यांकन जोडायचे आहे, आणि त्या द्रव्यांची माहिती स्पेसिफिकेशनमधून घ्यायची आहे. गेल्या महिन्यात त्याने तिला फोन करून विचारले की यादीतल्या द्रव्यांची नोंद कशी बांधावी म्हणजे पुढे एसडीएससाठीही चालेल. दोघे मिळून ती रचना करत आहेत.